खाल्लं मीठ आणि आमची गाडी

माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं, असं आमच्या घरात लहानपणापासून शिकवलं होतं. मी माझ्या परीनं जागलो. पहिल्या साहेबाच्या मिठाला जागलो, सासऱ्यांच्या मिठाला जागलो (त्यांच्याकडे आमटी नेहमीच खारट असे), एवढंच काय, पण विमानात मिळणाऱ्या खारवलेल्या दाण्यांच्या पुडीलाही जागलो. माझ्या आयुष्यात खाल्ल्या मिठाला न जागलेली एकच. आमची पहिली मोटार. डेट्रॉइटच्या रस्त्यांवर दहा हिवाळे तिनं पोटभर मीठ खाल्लं, आणि ऐन वेळी ब्रेक सोडून दिला.

गाडी मीठ कशी खाते, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगायला हवं. तिकडे गाडी खड्डे खाते, पेट्रोल खाते, मालकाचा पगार खाते. अमेरिकेच्या उत्तर भागात ती मीठ खाते. तिथं बर्फ पडू लागला, की नगरपालिकेचे अजस्र ट्रक निघतात. पुढं बर्फ लोटायचं फाळकं आणि मागं गरगर फिरणारी तबकडी. त्या तबकडीतून जाड्या मिठाचा सडा पडत जातो. मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं, म्हणून रस्त्यावरचा बर्फ वितळतो आणि गाड्या घसरत नाहीत. उणे 9 सेल्सिअसच्या आसपासपर्यंत हे साधं मीठ बरं काम देतं. त्याखाली मात्र तेही गारठून हात वर करतं.

आता गंमत बघा. ज्या शहरानं जगाला मोटारीचं वेड लावलं, त्याच डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे! जमिनीखाली साधारण 1,200 फुटांवर. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता, तो आटला आणि मीठ मागं ठेवून गेला. 1906 साली लोकांनी त्या मिठासाठी खाली विवर खणायला घेतलं, ते 1910 साली पुरं झालं. मधे 1908 साली हेन्री फोर्डनं मॉडेल टी बाजारात आणली. म्हणजे वर गाडी जन्माला येत होती आणि खाली तिला खाणारं मीठ बाहेर यायची तयारी करत होतं. पत्रिका जुळवताना असला योग एखाद्या ज्योतिष्यानं पाहिला असता, तर त्यानं दक्षिणासुद्धा परत केली असती.

मी स्वतः मिठातूनच आलेला माणूस. आमचं घर हर्णैजवळ, समुद्राची गाज अंथरुणात ऐकू येईल इतक्या अंतरावर. खिडक्यांचे गज, दाराच्या बिजागऱ्या, कडी-कोयंडे, वडिलांची सायकल, सगळ्यांना तो खारा वारा कुरतडत असे. पावसाळा तोंडावर आला, की वडील तेलाचा बोळा घेऊन घरभर फिरत आणि दिसेल त्या लोखंडाला लावत. आम्ही भावंडं हसायचो. अमेरिकेला निघालो तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे या गंजाच्या राज्यातून! पण माणूस सातासमुद्रापार गेला तरी त्याच्या नशिबातलं मीठ त्याच्या आधीच तिथं जाऊन बसलेलं असतं.

1986 साली मी अकराशे डॉलर मोजून गाडी घेतली. 1979 सालची, मोरपंखी रंगाची, आमच्या हर्णैच्या पडवीएवढी लांब. विकणाऱ्यानं मला वाकून गाडीचा तळ दाखवला. खालून वरपर्यंत काळं कुळकुळीत, जाड, रबरासारखं लेपन. "गंज लागणं शक्यच नाही," तो म्हणाला. मला तो तळ पाहून आमच्या गावच्या होडीची आठवण झाली. डांबर फासलेली होडी समुद्रात तरते, तर ही रस्त्यावर का तरणार नाही? मी पैसे मोजले.

त्यानंतर मी त्या गाडीवर जीव लावला, तो असा. दर रविवारी धुणं, मेण लावणं, मऊ फडक्यानं पुसणं. बॉनेटमध्ये तोंड बघून भांग पाडावा अशी चकाकी. शिवाय हिवाळ्यात तिला थंडी वाजू नये, म्हणून घराला लागून असलेल्या उबदार गॅरेजात ठेवायचो. घरात मी आणि हिटर एका खोलीत, गाडी आणि हिटर दुसऱ्या खोलीत. सौभाग्यवती म्हणायची, "अहो, तिला पांघरूण घालून या, म्हणजे झालं." मी एकदा खरोखरच घालून आलो.

शेजारी एक म्हातारबुवा राहत. तीसेक वर्षं मोटारींच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेले. मी त्यांना मनातल्या मनात वैद्यबुवा म्हणायचो, कारण ते गाडीकडे बघण्याआधी नेहमी तिच्या खाली बघत. माझं उबदार गॅरेज पाहून त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बाहेर गोठलेल्या थंडीत गंज झोपलेला असतो. तू रोज रात्री त्याला घरात आणून उठवतोस, शेकोटी देतोस आणि ताट वाढतोस."

त्यांचं म्हणणं असं. गंज चढायला लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एवढे तिघे पुरतात. मीठ स्वतः लोखंड खात नाही. मीठ म्हणजे आपल्याकडे लग्न जमवणारे काका असतात ना, तसं. स्वतः काही करत नाही, पण दोन्ही पक्षांमधली देवाणघेवाण इतकी सोपी करून देतं, की वर्षात व्हायचं ते महिन्यात होतं. मिठाच्या पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो आणि लोखंड झिजत जातं. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हे मात्र मला शिकवायला नको होतं. श्रावणात आमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी पाझरते, ते मी पाहिलेलं आहे. आणि हे सगळं उबेत जोरात चालतं, थंडीत मंदावतं. गॅरेजात आणली, की चाकांच्या कमानीत अडकलेला खारा बर्फ वितळतो आणि रात्रभर त्याचं काम सुरू राहतं. मी पांघरूण घालत होतो ते गंजाला!

मी नुसतं "हो हो" म्हटलं. फुकटचा सल्ला आणि गुळाचा गणपती, दोन्ही आपण नमस्कार करून बाजूला ठेवतो.

1988 च्या नोव्हेंबरात सौभाग्यवतीच्या बाळंतपणासाठी आई आली. बरोबर डिंक, हळीव, खोबरेल तेलाचा डबा आणि कैरीच्या लोणच्याची बरणी. बरणीला दादरा बांधलेला आणि त्यावर प्लॅस्टिकची सात आवरणं. डिसेंबरात आम्हाला मुलगी झाली. आईनं स्वयंपाकघराचा आणि बाळाच्या अंगाला तेल चोळायचा ताबा घेतला. "तेल जिरलं पाहिजे, नुसतं फासून उपयोग नाही," असं ती म्हणायची. हे वाक्य पुढं एवढं तांत्रिक ठरेल, याची मला कल्पना नव्हती.

मिठाचा ट्रक आईनं पहिल्यांदा पाहिला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून. ती बराच वेळ नुसती बघत राहिली.

"काय रे टाकतोय तो?"

"मीठ."

"मीठ?"

"हो. रस्त्यावर."

आईनं कपाळाला हात लावला. आमच्या घरी चिमूटभर मीठ सांडलं तरी दटावणी असे. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हे आजीनं तिला आणि तिनं आम्हाला सांगितलेलं. आता समोर एक माणूस बसल्या बसल्या टनांनी मीठ सांडत निघाला होता.

"अरे, त्याला पापण्या तरी किती असणार?" आई कळवळून म्हणाली.

त्यातून डॉक्टरांनी रक्तदाबामुळे तिचं स्वतःचं मीठ कमी केलेलं. अळणी आमटी भुरकत ती खिडकीतून ट्रककडे बघायची आणि म्हणायची, "मला चिमूट नाही, आणि रस्त्याला पोती!"

फेब्रुवारीच्या अखेरीस बाळाला लस टोचायला घेऊन गेलो होतो. परतताना मागच्या सीटवर सौभाग्यवती, बाळ आणि आई. बर्फ भुरभुरत होता. उतारावर पुढं लाल दिवा दिसला, मी ब्रेकवर पाय ठेवला आणि तो पाय खाली गेला. जातच राहिला. विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा.

त्या दोन-चार क्षणांत माणूस किती विचार करतो! मला आठवतंय ते एवढंच, की मागं बाळ आहे. ब्रेकच्या तेलाच्या वाटा दोन असतात, एक फुटली तरी दुसरी थोडं काम देते, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी पाय दाबून धरला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात घातली. मऊ, बुजगं, देवानं घालून ठेवल्यासारखं ते ढिगार होतं. गाडी त्यात रुतून थांबली. कुणी काही बोललं नाही. बाळ रडलं नाही. आईचं रामरक्षेचं पुटपुटणं सुरू होतं, ते तिनं पूर्ण केलं आणि मगच म्हणाली, "पोचलो का?"

चाकं बर्फावर जागच्या जागी फिरत होती. गाडी उतारावर अर्धी आडवी, मागून गाड्या येताहेत, आणि मला पायात जीव नाही. एवढ्यात मागून पिवळे दिवे चमकत मिठाचा ट्रक आला. चालक उतरला. त्यानं ट्रक आमच्या मागं आडवा उभा केला, म्हणजे येणाऱ्या गाड्या दुरूनच सावध होतील. मग फावड्यानं आमच्या चाकांखाली आणि आजूबाजूला मीठ टाकलं, मोठं चार फावडी. बायकांना आणि बाळाला त्यानं आपल्या ट्रकच्या उबदार केबिनमध्ये बसवलं. गाडी ओढून नेणारा येईपर्यंत तो माणूस हलला नाही.

निघताना आईनं त्याला मराठीत आशीर्वाद दिला. त्यानं इंग्रजीत आभार मानले. घरी आल्यावर हातपाय धुऊन देवापुढं दिवा लावला आणि ती मला म्हणाली, "त्याच्या वाटणीचं मीठ मी वेचीन."

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा कोटाच्या बाह्या सावरत गाडीखाली शिरले. हातात बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर. त्यांनी त्या काळ्या लेपनाच्या एका कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि ओढलं. भिंतीचा पोपडा निघावा तसा ताटाएवढा तुकडा हातात आला. त्याच्या आत ओलसर, तपकिरी, भुसभुशीत असं काहीतरी होतं, ज्याला विकणाऱ्यानं लोखंड म्हटलं होतं. ब्रेकची नळी तर सुताराच्या कानातल्या पेन्सिलीएवढी जाड दिसत होती. त्यातली निम्मी जाडी गंजाची, आणि एके ठिकाणी छिद्र. जुन्या गंजावरच ते डांबरासारखं लेपन फासलं होतं. त्याला तडे गेले, खारं पाणी आत शिरलं, आणि बाहेर यायला वाट नाही. बाहेरून तळ कुळकुळीत, आतून भाकरी.

मी वर दर रविवारी मेण लावत होतो!

आई शाल गुंडाळून दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण गंज येत होता. "ओल्यावर झाकण घालतं का कुणी?" ती म्हणाली. "लोणच्याची बरणी ओली राहिली तर काय होतं? बुरशी. फोडी सुक्या करायच्या, आणि वर तेल असं सोडायचं की फटीफटीत उतरलं पाहिजे. तेलाखाली हवा जात नाही. तुझे वडील गजांना काय लावायचे?"

मी याचं भाषांतर केलं. वैद्यबुवा गाडीखालून बाहेर आले, उठून बसले, आणि आईकडे बघून त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "मी तीस वर्षं हेच सांगतोय. नदीपलीकडे कॅनडात लोक वर्षानुवर्षं दर शरदात गाडीला तेल मारून घेतात."

त्यांनीच मग मला सगळा शास्त्रार्थ शिकवला. जाड, सुकणारं लेपन नको. पातळ, न सुकणारं, सरपटत फटीत शिरणारं तेल हवं. दारांच्या आत, उंबऱ्याखालच्या पोकळ पट्टीत, चाकांच्या कमानींच्या घड्यांत, ब्रेकच्या नळ्यांवर. ब्रेकच्या तबकड्यांवर मात्र थेंबही नको, नाहीतर गंजाआधी आपणच जायचे. तापणाऱ्या धुराड्यापासूनही ते दूर ठेवायचं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करायची. आणि हे दरवर्षी. एकदा लावलं आणि संपलं, असं तेल जगात नाही. हिवाळ्यात, पारा शून्याच्या वर गेला, की तळ पाण्यानं धुवायचा. बुटांबरोबर आत येणारं मीठ गालिच्यात मुरतं आणि पत्रा आतूनही कुजवतं, म्हणून पायाखाली काठाची रबरी तबकं.

परत जाताना एप्रिलात आईनं मला याचं पंचांग करून दिलं. "दसऱ्याला गाडीची पूजा करतोस ना? मग आधी तेल, नंतर झेंडू. पाडव्याला तिला न्हाऊ घाल, गुढी नंतर. म्हणजे विसरणार नाहीस." आजतागायत विसरलो नाही. दसरा येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, बर्फाच्या आधी. पाडवा मार्च-एप्रिलात, मिठाच्या शेवटी. आमच्या पूर्वजांनी पंचांग करताना मिशिगन राज्याचा एवढा विचार केला असेल, असं कुणाला वाटलं होतं?

त्या मोरपंखी गाडीला मात्र उशीर झाला होता. नळ्या बदलल्या, या वेळी तांब्या-निकेलच्या, ज्यांना गंज चढत नाही. तळाला ठिगळं लावली, तेल मारलं. 1992 पर्यंत ती कशीबशी चालली. शेवटी तिच्या फरशीतून रस्ता दिसू लागला आणि मुलगी कौतुकानं "बाबा, खाली बघा, रस्ता पळतोय!" म्हणू लागली, तेव्हा मी तिला निरोप दिला.

मधल्या काळात मोहही झाले. मराठी मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी मला विजेची डबी घ्यायला सांगितलं. गाडीला चिकटवायची, तिच्यातून म्हणे सूक्ष्म प्रवाह जातो आणि गंज थांबतो. तेलाचे डाग नाहीत, वास नाही. मी पाकीट काढणार, तेवढ्यात वैद्यबुवांना विचारलं. ते म्हणाले, "जहाजावर असं करतात, जमिनीतल्या नळांवर करतात. ती लोखंडं पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडालेली असतात, म्हणून प्रवाहाचं वर्तुळ पुरं होतं. तुझी गाडी समुद्रात राहते का?" मी पाकीट ठेवलं.

दुसऱ्या गाडीचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला होता. 1980 च्या दशकापासून कारखानदारांनी हे सर्रास सुरू केलं. जस्त म्हणजे घरातला थोरला भाऊ. स्वतः झिजतो आणि धाकट्या लोखंडाला वाचवतो. पण थोरला भाऊ सगळीकडे पुरत नाही. सांधे, चौकटी आणि ब्रेकच्या नळ्या उघड्याच राहतात. 2015 साली अमेरिकेच्या रस्तासुरक्षा खात्यानं जुन्या गाड्यांच्या मालकांना जाहीर सूचना दिली, की हिवाळ्यानंतर गाडीचा तळ धुवा आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या. मी ते वाचून सौभाग्यवतीला म्हटलं, "बघ, आईचं पाडव्याचं न्हाणं सरकारी झालं!" त्या गाडीनं सतरा वर्षं संसार केला. दसऱ्यानंतर आठवडाभर ती दारात तेल ठिपकत असे. सौभाग्यवती त्याला "तुमची रांगोळी" म्हणते. डाग अजून आहेत.

आता मीठही सुधारलं आहे. बर्फ पडण्याआधीच मिठाचं पाणी रस्त्यावर फवारून ठेवतात. मीठ कमी लागतं, पण ते द्रावण गाडीच्या फटीफटीत जाऊन चिकटतं. काही ठिकाणी त्यात साखरेच्या बिटाचा रस मिसळतात. मीठ झालं, गोड झालं. आता कुणीतरी लिंबू पिळायचं बाकी आहे.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. वैद्यबुवाही गेले. मागच्या सीटवर रामरक्षा ऐकत झोपलेलं ते बाळ आता शिकागोत स्वतःची गाडी चालवतं. गेल्या दसऱ्याला तिनं फोटो पाठवला. मला वाटलं, बॉनेटवर झेंडूचा हार असेल. पाहतो तो गाडीच्या तळाचा! तेलानं ओला, काळाशार, लोणच्याच्या बरणीत वरून डोकावल्यासारखा. खाली लिहिलं होतं, "आजीनं सांगितलं तसं. जिरवलंय."

रात्री बर्फ सुरू झाला, की आमच्या गल्लीतून मिठाचा ट्रक जातो. पिवळा उजेड भिंतीवरून सरकतो. मी अंथरुणातून उठतो, खिडकीशी जातो आणि म्हणतो, "आई, अजून एक खेप आली गं. सावकाश वेच."

सौभाग्यवती कूस बदलते. "गॅरेजातला हिटर बंद केलात का?" ती विचारते.

आणि मी चपला घालून खाली जातो.